टायगर, टी-३४ आणि चादरीची कॉस्ट शीट: युद्धातल्या शस्त्रांच्या किमती वाचायच्या कशा

प्रश्न बारावी कॉमर्सच्या एका विद्यार्थ्याचा आहे. आमच्याच गल्लीतला, लहानपणापासून मला काका म्हणणारा. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या अवजड शस्त्रांचा तक्ता करतोय. त्याने विचारलं ते थोडक्यात असं: "काका, जर्मन टायगर रणगाडा २,५०,८०० मार्क, रशियन टी-३४ रणगाडा १,३५,००० रुबल, अमेरिकन बी-२९ विमान ५,०९,४६५ डॉलर. हे सगळं आजच्या रुपयांत करून द्या आणि सगळ्यात स्वस्त कोणतं पडलं ते सांगा. शिवाय एकाच रणगाड्याचे आकडे तीन ठिकाणी तीन का सापडतात?"

बाळा, रुपयांत करून देणार नाही. का नाही, ते पुढे येईलच. तुझा शेवटचा प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरू करतो.

मी ३८ वर्षं कॉस्टिंगमध्ये, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढण्याच्या कामात काढली. आधी सूतगिरणी, मग चादर-टॉवेलचे कारखाने, आणि शेवटची पंधरा वर्षं सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मशिनिंगच्या एका युनिटमध्ये. युद्धकाळातल्या उत्पादनाचे आकडे वाचायचा नाद तेव्हापासूनचा. रणगाड्याची कॉस्ट शीट आणि चादरीची कॉस्ट शीट यांचा सांगाडा एकच असतो, हे मी अनुभवाने सांगतो. माल, मजुरी, वरखर्च, आणि त्याखाली शेवटची ओळ. लोक फक्त ती शेवटची ओळ उचलतात आणि तिथेच फसतात. किंमत नुसत्या वस्तूची नसते. ती कितव्या नगाची, कोणत्या वर्षातली आणि काय काय धरून, या सगळ्याची मिळून असते. एवढं माहीत नसेल तर तो आकडा तक्त्यात घालू नये.

"काय धरून" हे आधी बघू. टायगर कासेलच्या हेन्शेल कारखान्यात ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात बनला, एकूण सुमारे १,३५०. तू लिहिलेला २,५०,८०० मार्क हा आकडा खरा आहे, पण त्यात तोफ नाही, मशिनगन नाहीत, वायरलेस नाही, नेमबाजीच्या दुर्बिणी नाहीत. ते सगळं धरलं की तोच रणगाडा ३ लाख मार्कांच्या घरात जातो. झाले ना एका रणगाड्याचे दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर?

आपल्या पूर्व भागातल्या कोणत्याही यंत्रमागवाल्याला विचार, त्याला हे लगेच कळेल. व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर विणून देतो. मागवाल्याच्या बिलात सुताची किंमत नसतेच. ते बिल बघून कोणी म्हणालं की सोलापूरची चादर एवढ्याला पडते, तर आपण त्याला वेड्यात काढू. जर्मनीत रणगाड्याचं तसंच होतं. चिलखती पत्र्याचा सांगाडा क्रुपसारख्या पोलाद कारखान्यांतून यायचा, तोफेचा बुरूज कासेलमधलीच वेगमान ही कंपनी जुळवायची, आणि हेन्शेल हे सगळं एकत्र जोडायची. तोफा आणि वायरलेस सैन्याचं खातं वेगळं विकत घेऊन जोडणीवाल्याच्या हवाली करायचं. म्हणून ते जोडणीवाल्याच्या किमतीत दिसत नाही. दुसऱ्या दोन जर्मन रणगाड्यांचे, पँथर १,१७,१०० मार्क आणि पँझर-४ १,०३,४६२ मार्क, हे आकडेही असेच तोफेविना आहेत. त्यांच्याशेजारी अमेरिकन शर्मन रणगाड्याची तोफेसकट डॉलरमधली किंमत मांडलीस, तर तुलना पहिल्याच ओळीत मोडली म्हणून समज.

आता तुझ्या तक्त्यातली एक गोष्ट खोडतो, आणि ती कशी पकडायची तेही दाखवतो. तू टायगरच्या शेऱ्यात लिहिलंयस की एका टायगरला ३ लाख मनुष्यतास लागत. हा आकडा सर्रास फिरतो. पण हिशेब करून बघ. त्या काळच्या जर्मनीत कुशल कामगाराची तासाची मजुरी एक मार्काच्या आसपास होती. आपण हात राखून ८० फेनिगच धरू (१०० फेनिगांचा एक मार्क). ३ लाख तासांचे झाले २ लाख ४० हजार मार्क. म्हणजे २,५०,८०० मधून मजुरी वजा जाता उरले १०,८०० मार्क. एवढ्यात ५७ टनांच्या रणगाड्याचं पोलाद, मायबाखचं बारा सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स, ट्रॅक, कारखान्याचं भाडं-वीज आणि मालकाचा नफा बसवायचा. बसत नाही. माझ्यासमोर अशी शीट आली असती तर मी सही केली नसती. किंमत खरी असेल तर तास फुगवलेले आहेत, आणि तास खरे असतील तर किंमत खोटी आहे. किंमत कागदोपत्री पक्की आहे, म्हणून तास खोड.

उलट टी-३४ बद्दल तू लिहिलेले ३,७०० तास खरे आहेत. १९४१ मध्ये सुमारे ८,००० लागायचे, १९४३ मध्ये ३,७०० वर आले. पण हे तास शेवटच्या जोडणी कारखान्यातले आहेत. पोलाद गाळणाऱ्याचे, बेअरिंग करणाऱ्याचे, तोफ ओतणाऱ्याचे तास त्यात नाहीत. एकीकडे खाणीपासूनचे म्हणून सांगितलेले फुगीर तास आणि दुसरीकडे फक्त शेवटच्या दारातले तास, अशी जोडी लावून "एका टायगरच्या कष्टात ऐंशी टी-३४" असली वाक्यं तयार होतात. तुझ्या तक्त्यात ती येऊ देऊ नकोस.

कॉस्टिंगवाल्याची आणखी एक सवय सांगतो. अनोळखी वस्तूची किंमत समोर आली की आम्ही आधी तिला वजनाने भागतो. कास्टिंगचा दर किलोवर, फोर्जिंगचा दर किलोवर, तसा रणगाड्याचाही काढून बघायचा. टायगर ५७ टन, म्हणजे टनाला सुमारे ४,४०० मार्क. पँझर-४ साधारण २५ टन, म्हणजे टनाला ४,१०० च्या आसपास. आणि पँथर ४५ टनांचा असून टनाला फक्त २,६०० मार्क! मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं की कुठेतरी शून्य चुकलं. पुन्हा केला, तेच उत्तर. पँथर हा पँझर-४ पेक्षा जवळजवळ दुप्पट वजनाचा, चिलखताने आणि तोफेने कितीतरी वरचढ, आणि किंमत मात्र जेमतेम १३ टक्के जास्त.

याचं उत्तर रचनेत आहे. पँझर-४ ची आखणी युद्धापूर्वीची, एकेक तुकडा निगुतीने करायच्या जमान्यातली. पँथर आखला गेला तोच १९४२ मध्ये, झपाट्याने हजारोंनी करायचा म्हणून. तिरक्या मोठ्या प्लेटा एकमेकींत अडकवून वेल्ड करायच्या, सांधे कमी ठेवायचे. एमएएन, डाइमलर-बेंझ यांच्यासह अनेक कारखान्यांना एकाच वेळी काम दिलं, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ६,००० पँथर झाले.

पण स्वस्ताईची वसुली कुठेतरी होतेच, आणि ती कुठे झाली हे बघण्यासारखं आहे. इंजिनाचा जोर ट्रॅकच्या चाकापर्यंत नेणारी शेवटची गिअरपेटी असते. चांगली, टिकाऊ रचना करायची तर तिचे गिअर कापायला खास मशिन लागतात, आणि ती जर्मनीत पुरेशी नव्हती. म्हणून साध्या दातांचे गिअर बसवले. ४५ टनांचा भार त्या दातांवर आला. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हाती आलेले पँथर स्वतः वापरले आणि १९४७ च्या आपल्या अहवालात या गिअरपेटीचं सरासरी आयुष्य लिहिलं १५० किलोमीटर. सोलापूरहून निघालास तर इंदापूरच्या थोडं पुढे जाईस्तोवर पेटी गेली! १,१७,१०० मार्कांच्या शीटवर ही ओळ कुठेच नाही. ती वर्कशॉपच्या खात्यात पडते, रस्त्याकडेला सोडून दिलेल्या रणगाड्यांच्या खात्यात पडते. खरेदीची किंमत आणि वापराची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या तक्त्यात फक्त पहिली आहे, हे शीर्षकातच लिही.

आता "कितवा नग" हा मुद्दा. माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव यात आहे.

चिंचोळीच्या युनिटमध्ये एकदा नव्या शाफ्टचं काम आलं. पहिल्या दिवशी मी स्वतः घड्याळ घेऊन लेथपाशी उभा राहिलो. पहिला नग ४७ मिनिटं. ऑपरेटर ड्रॉइंग बघतोय, टूल बदलतोय, मायक्रोमीटर लावतोय, पुन्हा ड्रॉइंग बघतोय. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःच एक छोटा स्टॉपर करून आणला, मोजायचं एक काम वाचलं. तिसऱ्या आठवड्यात टूल हाताच्या अंतरावर ओळीने मांडलेले, ड्रॉइंग भिंतीवर टांगलेलं आणि तिकडे कोणी बघतही नाही. जॉब कार्डावर १९ मिनिटं. तोच माणूस, तेच मशिन, तोच शाफ्ट. सुरुवातीला मी ४७ वर दर लावायचा आग्रह धरला होता. तो लावला असता तर ती ऑर्डर आम्हाला मिळालीच नसती.

हेच १९३६ मध्ये थिओडोर राइट या अमेरिकन विमान-अभियंत्याने आकड्यांत बांधून दाखवलं. विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची सरासरी मजुरी सुमारे ८० टक्क्यांवर येते. ऐकायला साधं वाटतं, पण करून बघ. पहिल्या विमानाला १ लाख तास धर. दोन विमानं झाली की सरासरी ८०,०००. चार झाली की ६४,०००. आठ झाली की ५१,२००. असं दुप्पट करत दहाव्या पायरीला, म्हणजे १,०२४ विमानांना पोचलास की सरासरी उरते साधारण १०,७००. नऊ-दशांश कष्ट गळून गेले, आणि विमान तेच. पण या गणिताची दुसरी बाजूही बघ. पहिल्या हजारात जेवढ्या पटीची घट मिळाली, तेवढ्याच पटीची पुन्हा मिळवायला आणखी हजार पुरत नाहीत, दहा लाख लागतात. म्हणून सुरुवातीचे आकडे धडाधड कोसळतात आणि नंतर रांगतात.

अमेरिकन हवाई दलाचे प्रत्यक्ष आकडे आहेत, वर्षवार. बी-१७ बॉम्बर १९३९ ते ४१ मध्ये सरासरी ३,०१,२२१ डॉलरला पडत होतं, १९४५ मध्ये १,८७,७४२ ला. बी-२४ हे बॉम्बर १९३९ ते ४१ मध्ये ३,७९,१६२ ला, १९४४ मध्ये २,१५,५१६ ला. तू लिहिलेलं बी-२९ चं ५,०९,४६५ हे १९४५ चं आहे. तेच विमान १९४२ मध्ये ८,९३,७३० डॉलरचं होतं. म्हणजे तुझ्याच तक्त्यात बी-२९ च्या घरात मी ९ लाख लिहिले असते तरी ते खोटं ठरलं नसतं. वर्ष लिहिलं नाही तर आकडा निराधार लोंबकळतो, तो असा.

आणि मस्टँग हे लढाऊ विमान बघ. १९४२ मध्ये ५८,६९८ डॉलर, १९४५ मध्ये ५०,९८५. फारसं उतरलंच नाही, मग राइटचा नियम फसला का? नाही. १९४२ चं मस्टँग अॅलिसन इंजिनाचं होतं. नंतरच्यात पॅकार्डने बनवलेलं मर्लिन इंजिन आलं, उंचीवरची ताकद वाढली, टाक्या वाढल्या, पल्ला बर्लिनपर्यंत गेला. कष्ट घटले ते सुधारणांत मुरले. नाव तेच राहिलं आणि वस्तू बदलली. आपल्याकडेही "चादर" या एका शब्दाखाली वीस वर्षांत सुताचा नंबर, वजन, रंग सगळं बदललेलं असतं. जुन्या आणि नव्या दराची तुलना करणारा हे विसरला की संपलं.

टी-३४ ची कहाणी याहून थरारक आहे. १९४१ मध्ये एक रणगाडा २,६९,५०० रुबलला पडत होता, १९४३ मध्ये १,३५,००० ला, म्हणजे बरोबर निम्म्यावर. आणि मधल्या काळात काय झालं? खारकोव्हचा मुख्य कारखाना जर्मन फौजा जवळ आल्यावर उखडून, रेल्वेच्या वाघिणींत भरून उरल पर्वताकडे निझनी तागिलला नेला. आपल्याकडे एक लेथ पाच फूट सरकवली तरी लेव्हल लावण्यात दिवस जातो. तिथे अख्खा कारखाना हजारभर मैलांवर नेऊन हिवाळ्यात उभा केला. कुशल कामगार कमी पडले, बायका आणि पोरसवदा मुलं मशिनवर आली. तिथे येव्हगेनी पातोन यांच्या वेल्डिंग संस्थेची पद्धत कामाला आली. ही संस्थासुद्धा कीव्हहून तागिलला हलवलेली. वेल्डिंगची ठिणगी पावडरच्या थराखाली झाकलेली, आणि शिवण ओढायचं काम यंत्राचं. चिलखती प्लेटेची लांब शिवण हाताने घालायला वर्षानुवर्षं मुरलेला वेल्डर लागायचा. ती आता थोडं शिकवलेली मुलगीही सरळ आणि पक्की घालू लागली. माझ्या दृष्टीने टी-३४ च्या निम्म्या झालेल्या किमतीमागे या एका बदलाचा वाटा फार मोठा आहे. बाकी भाग कमी केले, फिनिशिंग सोडून दिलं, रबर नव्हतं तेव्हा चाकं नुसती पोलादी बसवली. १९४२ चे काही रणगाडे गिअरबॉक्सने आणि हवेच्या फिल्टरने रडवणारे होते, तेही या हिशेबात धर.

नगांच्या मोजणीत काय घोळ होतात ते थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या तक्त्यात एक सापडला. फोर्डचा विलो रन कारखाना म्हणजे मिशिगनमधला प्रचंड प्रकल्प, आणि भर जोरात असताना तिथून तासाला एक बी-२४ बाहेर पडायचं. तू तिथली ८,६८५ विमानं लिहिलीस, आकडा बरोबर. पण त्यातली सुमारे १,९०० पूर्ण विमानं नव्हती. सुट्या भागांचे संच होते, आणि ते टल्सा व फोर्ट वर्थच्या कारखान्यांत जोडले गेले. त्या कारखान्यांनीही ती आपल्या खात्यात मोजली. तू तिन्हींची बेरीज केलीस म्हणून तुझी एकूण संख्या फुगली. आमच्याकडे मागावरून उतरलेला कच्चा टॉवेल एकदा मोजायचा, प्रोसेसिंगवरून आलेला पुन्हा, आणि महिनाअखेर उत्पादन दीडपट दिसायचं, तसलीच ही चूक. शर्मन ४९,२३४ हा आकडा ठेव, तो ठीक आहे. त्याच सांगाड्यावर केलेल्या इतर गाड्या त्यात मिसळू नकोस. साडेतीन वर्षांत एवढे, म्हणजे महिन्याला सुमारे १,१७०. जितके टायगर जर्मनीने दोन वर्षांत केले, तितके शर्मन सव्वा महिन्याच्या आत होत होते. माझ्या मते हे वाक्य तक्त्याच्या मथळ्यात घालण्याजोगं आहे, कारण त्यात चलनच नाही.

लिबर्टी मालवाहू जहाजं शस्त्र नव्हेत, पण तुला हवीच असतील तर घे. २,७१० जहाजं झाली. पहिल्याला २४४ दिवस लागले, पुढे सरासरी साधारण सहा आठवड्यांवर आली. साडेचार दिवसांत केलेल्या जहाजाची गोष्ट मात्र तक्त्यात घालू नकोस. ते लोकांना हुरूप यावा म्हणून आधीपासून भाग जुळवून ठेवून केलेलं काम होतं. विक्रमाला दर समजायचं नसतं.

मग येतो नग सुरू होण्याआधीचा खर्च. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नवी डिझाइन चढवायची तर आधी ग्राफ काढायचा, पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची, ती माळेसारखी शिवायची, मागावर चढवून चुकलेलं भोक शोधायचं. पहिली चादर उतरते तेव्हा ती एकटी तो सगळा खर्च डोक्यावर घेऊन उतरते. हजारावी उतरते तेव्हा तिच्या वाट्याला काही रुपडे येतात. बी-२९ वर आखणीपासून उत्पादनापर्यंत एकूण सुमारे ३०० कोटी डॉलर गेले. अणुबाँबच्या प्रकल्पापेक्षाही हा खर्च जास्त. विमानं झाली ३,९७०. भागलं तर नगामागे साडेसात लाखांच्या वर. तुझा आकडा ५,०९,४६५. दोन्हींत खोटं कोणीच नाही. एकाने डिझाइन-कार्डांचा खर्च धरला, दुसऱ्याने नाही धरला. अमेरिकेत १९४२ नंतर आणखी एक भानगड होती. सरकार करार झाल्यावरही कंपनीचा नफा जास्त वाटला तर फेरबोलणी करून पैसे परत घ्यायचं. तेव्हा करारातली किंमत आणि शेवटी दिलेली किंमत यांतही फरक पडायचा.

आता रुपयांचं. सरकारी दराने त्या वेळी डॉलरला साधारण अडीच मार्क आणि ५.३० रुबल होते. त्या दराने टायगर झाला १ लाख डॉलरचा आणि टी-३४ सुमारे २५,५०० चा. कागदावर छान दिसतं. पण त्या दराने कोणी मार्क घेत नव्हतं, रुबल तर बाजारात नव्हताच. रशियात कारखाना सरकारचा, पोलाद सरकारचं, घेणारं सैन्य सरकारचं. १,३५,००० रुबल हा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला आकडा. तो त्याच कारखान्याच्या मागच्या वर्षाशी ताडून बघायला उत्तम आहे, बर्लिनशी ताडायला निरुपयोगी.

काळ ओलांडतानाही तसंच. घरचंच उदाहरण घे. मार्च १९८६ मध्ये भारताने ४१० बोफोर्स तोफांचा करार केला, सुमारे १,४३७ कोटींचा. भागाकार साडेतीन कोटी. मार्च २०२५ मध्ये ३०७ देशी एटॅग्स तोफांचा करार झाला, ओढणाऱ्या वाहनांसह सुमारे ६,९०० कोटींचा. भागाकार साडेबावीस कोटी. आता प्राप्तिकराचा महागाई निर्देशांक लाव, आम्ही घर विकताना लावतो तोच. जुन्या मालिकेत १३३ वरून ४२६, नव्या मालिकेत १०० वरून ३६३. दोन्हींचा गुणाकार साडेअकरापट. बोफोर्सचे साडेतीन कोटी झाले ४० कोटी! मग देशी तोफ निम्म्या किमतीत पडली असं लिहायचं का? मला मनापासून आवडलं असतं, पण नाही लिहिता येत. दोन्ही करारांत तोफेबरोबर काय काय होतं ते सारखं नाही, एक परकीय चलनात फेडलेला आणि एक रुपयांत, आणि तो निर्देशांक घरखर्चाच्या महागाईवरून काढलेला, तोफेच्या पोलादावरून नव्हे. या उत्तरात मी तो वापरून दाखवला तो फक्त एवढ्यासाठी, की असं गणित किती सहज सुटतं आणि तरीही किती चुकीचं असतं हे तुला कळावं.

एक ओळ मात्र तक्त्यात घालच, आणि तिच्यासाठी भिंतीवर जागा मोकळी ठेव. जर्मनीचं व्ही-२ रॉकेट. सुरुवातीला नगाला सुमारे १ लाख मार्क, शेवटी शेवटी ५०,००० च्या आसपास. राइटच्या नियमाचा नमुना म्हणून कोणीही हे उदाहरण फळ्यावर काढेल. पण ती रॉकेटं बनली नॉर्डहाउसेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत, मिटेलबाउ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून. सुमारे ६०,००० माणसं तिथे आणली गेली आणि २०,००० च्या आसपास मेली. सुरुवातीचे महिने तर ती त्याच बोगद्यात, धुळीत, उजेडाविना झोपायची. व्ही-२ च्या माऱ्यात मेले त्याहून जास्त माणसं ते बनवण्याच्या कामात मेली. कॉस्ट शीटवर त्यांची नोंद काय? दर माणशी दिवसाला काही मार्क, आणि तेही त्या माणसाला नाहीत, छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेला. कारखान्याच्या हिशेबात माणूस मेला की दुसरा येई, आणि मजुरीची ओळ तशीच राही. मी आयुष्यभर मजुरीची ओळ भरली. तिच्यामागे पाळीला येणारी, डबा आणणारी, सणाची उचल मागणारी माणसं मला दिसायची. ही शीट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही. या रॉकेटपुढे "स्वस्त" हा शब्द लिहू नकोस.

तर तक्ता असा कर. पहिल्या रकान्यात नुसतं नाव नको, नेमका प्रकारही लिही. मग वर्ष. मग तोपर्यंत बनलेले एकूण नग. किंमत मूळ चलनात, रुपयांचा रकाना काढून टाक. त्याच्याशेजारी, सगळ्यात रुंद रकाना, "यात काय धरलं, काय वगळलं". वजन आणि दर टनाची किंमत फक्त त्याच देशातल्या शस्त्रांसाठी. तास सापडले तर लिही, पण शेवटच्या कारखान्यातले की सगळे मिळून, हे लिहिल्याशिवाय नाही. एखादं घर भरता येत नसेल तर रिकामं ठेव. परीक्षकांनी विचारलं तर सांग की माहिती नव्हती म्हणून भरलं नाही.

आणि शेवटची ओळ आपल्या मुलखातली घे. शाळेच्या सहलीला विजापूरला गेला होतास, तिथली मुलुखमैदान तोफ आठवते? १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर असलेली आणि १६३२ मध्ये विजापूरला ओढून नेलेली. तिच्यापुढे नग लिही १. घडणावळीचं घर रिकामं. किमतीच्या घरात, वर्ष १८५४, इंग्रजांनी केलेल्या लिलावातली सर्वात मोठी बोली: १५० रुपये. ती तोफेची किंमत नव्हती. एवढं धूड बुरुजावरून उतरवून, फोडून, वाहून नेण्याचा खर्च वजा जाता खरेदीदाराला धातूत जे उरलेलं दिसलं, ते दीडशे होते. शेऱ्यात लिही: "विक्री रद्द, तोफ जागेवरच."